मुराळी आली

आप्पांनी हेल्मेट विकत घेतलं तेव्हाच मला संशय यायला हवा होता. मार्चमध्ये दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून जो माणूस गोठ्याच्या पलीकडं गेलेला नाही, तो रिक्षा करून पाटणला जातो आणि निळ्या रंगाचं, लहान मापाचं, पुढं काच असलेलं हेल्मेट घेऊन येतो. आईला म्हणाले, लेकीसाठी घेतलं. लेकीकडं हेल्मेट आहे हे त्यांना चांगलं माहीत होतं. आठवड्यानं मला फोन आला.

"पंधरा ऑगस्टला तीन दिस सुट्टी हाय न्हवं तुला?"

"आहे."

"मग आक्काला घिऊन यी."

"कशावरनं?"

"गाडीवरनं."

"माझ्या?"

"मग काय माझ्या?"

आक्का म्हणजे आप्पांची थोरली बहीण, माझी आत्या. वय एकाहत्तर. चिपळूणच्या पुढं, गुहागरच्या रस्त्यावर मार्गताम्हाण्याच्या अलीकडं एका वाडीत राहते. आमचं गाव पाटणजवळ, कोयनेच्या काठी. दोन्हींत अंतर ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर, पण मधे कुंभार्ली घाट. नारळी पौर्णिमेच्या आठवड्यात घाट उतरून बहिणीकडं जायचा आप्पांचा नेम गेली पन्नास वर्षं चुकलेला नव्हता. यंदा गुडघ्यांनी चुकवला. राखी पोस्टानं आली, तीही चार दिवस उशिरा, आणि आप्पांनी ती बांधून न घेता देव्हाऱ्यात ठेवून दिली. बांधणारी आली की बांधू, म्हणाले.

सासरी असलेल्या लेकीला माहेरी न्यायला जो जातो त्याला मुराळी म्हणतात. पंचमीला, दिवाळीला मुराळी यायचा. भाऊ, बाप, चुलता. कोणीच नसलं तर शेजारचं विश्वासातलं पोर. जात्यावरच्या ओव्यांमध्ये बायकांनी पावसाची जेवढी वाट पाहिली नसेल तेवढी या मुराळ्याची पाहिली आहे. सासूनं "यंदा न्हाई धाडत, भांगलण पडलीया" म्हटलं की तो आला तसा परत जायचा. आजी सांगायची, रिकामा मुराळी गावात शिरताना मागल्या वाटेनं शिरतो. पुढच्या वाटेवर बायका विचारतात ना, कुठाय रं भन? बाई मुराळी म्हणून गेल्याचं मी कधी ऐकलेलं नाही. शब्दच पुल्लिंगी आहे. पण आप्पांचा लेक बंगळुरात आणि लेक, म्हणजे मी, पुण्यात, शिवाय लेकीकडं बारा वर्षं जुनी दीडशे सीसीची बाईक. तेव्हा व्याकरण बाजूला ठेवावं लागलं.

घरी नवऱ्यानं तीनच शब्द उच्चारले आणि प्रत्येकापुढं प्रश्नचिन्ह दिलं. "आत्या? कुंभार्ली? ऑगस्टमध्ये?" मी म्हटलं, तिथं जाऊन ठरवू. ती एसटीनं येईल, मी तिचं गाठोडं घेऊन मागून येईन. कार घेऊन जा, हा त्याचा पुढचा सल्ला अगदी रास्त होता. मी तो मानला नाही, आणि कारण सांगायला मला तेव्हा नीट जमलं नाही. कारनं गेलं की आपण पाहुणे म्हणून पोचतो. डिकीतून मिठाईचे बॉक्स निघतात, सगळ्यांच्या कपड्यांची इस्त्री शाबूत असते. कारमधून उतरणाऱ्याला लोक खुर्ची देतात. बाईकवरून भिजून उतरणाऱ्याला टॉवेल देतात. मला आत्याच्या घरी टॉवेल हवा होता.

शुक्रवारी पहाटे पाचला निघाले. आपल्याच डोक्यात ही कल्पना आली असं समजणारं अख्खं पुणे त्या वेळी कात्रजच्या बोगद्यात होतं. शिवापूरच्या नाक्यावर कारच्या रांगा बघून दुचाकीवाल्याला जो क्षुद्र आनंद होतो तो मी पुरेपूर घेतला. खंबाटकीत मात्र सगळे समान. साताऱ्याकडून येणाऱ्यांना बोगदा होता, जाणाऱ्यांना घाटच चढावा लागत होता, आणि लांब सुट्टीच्या पहाटे त्या घाटात बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या मोजल्या तर वळणं कमी पडतील. या रस्त्याचं रुंदीकरण माझं लग्न व्हायच्या आधीपासून चालू आहे. माझा मुलगा आता आठवीत आहे.

उंब्रजला हायवे सोडून उजवीकडं वळलं की एकदम कानांतला आवाज कमी होतो. मल्हारपेठच्या पुढं डोंगर जवळ यायला लागतात, वर वनकुसवड्याच्या पठारावरच्या पवनचक्क्या ढगातून अर्ध्याच दिसतात. एक पातं खाली येतं, नाहीसं होतं, दुसरं येतं. नऊला गावात पोचले तेव्हा शाळेत झेंडा लागून गेला होता आणि पोरं हातात गोळ्या-बिस्किटं घेऊन घरी निघाली होती. आप्पा ओट्यावर बसले होते. शेजारी काठी, काठीशेजारी हेल्मेट.

आईनं थालीपीठ घालेपर्यंत त्यांनी सामान काढून ठेवलं. शाळूचं पीठ, गूळ, भुईमुगाचं दाणं, घरची कांदा-लसूण चटणी, वाघ्या घेवडा. घाट उतरताना जे न्यायचं असतं ते. चिपळूण ही फार जुन्या काळापासून देश आणि बंदर यांच्यामधली पेठ. कुंभार्लीच्या वाटेनं बैलांच्या पाठीवर धान्य आणि गूळ खाली जायचा, मीठ आणि सुकी मासळी वर यायची. आमच्या घरात तो व्यापार अजून चालू आहे, फक्त त्यात पैशाचा संबंध नाही आणि हिशेब कोणीच मिटू देत नाही.

"चटणी सगळ्यात खाली ठिवू नको," आप्पा म्हणाले. "आन् हेल्मेट ईसरू नको."

मी निळं हेल्मेट डाव्या कोपरात अडकवून निघाले. कोपरातलं रिकामं हेल्मेट गाडी चालवताना इतकं खुपतं की पाटणच्या पुढं ते मागच्या सामानावर बंजीच्या ताणदोरीखाली दाबून टाकलं.

आत्याचं लग्न 1973 सालचं. दुष्काळाचं दुसरं वर्ष. लग्नात पंगतीला मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीच्या, भाकरी होत्या, आणि तो लाल मिलो आठवला की आजही आप्पांचं तोंड वाकडं होतं. आजोबांनी तेव्हा एकच विचार केला असणार: पोरगी खाली दिली तर निदान भात खाईल. घाटावरच्या माणसाला खालच्या पावसाचा केवढा भरवसा! पण मुळात खालचं स्थळ आमच्या घरात आलं कसं, तर ते कोयनेमुळं. मामा, म्हणजे आत्याचे यजमान, कोळकेवाडीच्या कामावर होते. कोयनेच्या प्रकल्पावर तेव्हा दोन्हीकडची माणसं कामाला होती. घाटावरची आणि तळकोकणातली पोरं एकाच चाळीत झोपायची, एकाच कँटीनमध्ये जेवायची. आमचे एक चुलत आजोबा तिथंच मुकादम होते. त्यांनी मामांना हेरलं. मुलगा निर्व्यसनी, घरचं भात-नारळ, आणि सरकारी कामावर. बोलणी दोन बैठकांत झाली.

म्हणजे बघा, कोयना ही कृष्णेची नदी. महाबळेश्वरला उगम, तिथून सरळ दक्षिणेला येते, हेळवाकपाशी काटकोनात पूर्वेला वळते, आमच्या गावावरून जाते आणि कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते. तिनं बंगालच्या उपसागरालाच जायचं. पण धरण बांधून तिचं बरंचसं पाणी डोंगराच्या पोटातून उलट्या बाजूला, पश्चिमेला सोडलं. वर्षाला साडेसदुसष्ट टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट, पाणी तिकडं वळवायची मुभा आहे. पोफळीला जमिनीखालच्या वीजघरात ते पडतं, पुढं कोळकेवाडीला पुन्हा अडतं, पुन्हा वीज देतं, आणि मग वाशिष्ठीत सोडलं जातं. भर मे महिन्यात कोकणातल्या नद्यांचे दगड उघडे पडतात तेव्हा वाशिष्ठी वाहत असते ती या पाण्यावर. त्याला अवजल म्हणतात. काम करून घेऊन सोडलेलं पाणी.

आत्याला हे लग्नानंतर पहिल्याच महिन्यात मामांनी सांगितलं. चिपळूणच्या पुलावर एसटी थांबलेली असताना खिडकीतून बोट दाखवून म्हणाले, ही तुमची कोयना. आत्याला ती थट्टा वाटली. खरं कळल्यावर पूल आला की ती पदर सारखा करायची, माहेरचं माणूस दिसल्यावर करतात तसा. आता करत नाही. आता म्हणते, "मी बी अवजलच गं. पर चिपळूण त्याच्यावरच जगतंय."

कोयनेशी आमच्या घराचं आणखी एक नातं आहे ते कोणी हौसेनं सांगत नाही. 11 डिसेंबर 1967, पहाटे चार वाजून एकवीस मिनिटं. आत्या तेरा वर्षांची होती, आप्पा दहाचे. भूकंपात कोयनानगर आणि आसपासची गावं कोसळली, पावणेदोनशेहून अधिक माणसं गेली. आमच्या घराची मागची भिंत पडली. आत्यानं आप्पांना गोधडीसकट ओढत बाहेर काढलं. त्यात त्यांचा खांदा उंबऱ्यावर आपटला, तो अजून थंडीत दुखतो, आणि दुखला की आप्पा वेदनेनं कमी आणि अभिमानानं जास्त कण्हतात. पुढचे कित्येक दिवस गाव शेतात झोपलं. डिसेंबरातल्या त्या खोऱ्यातल्या थंडीत, एका गोधडीत बहीण-भाऊ. आक्का म्हटलं की आप्पांना काय होतं ते कळायला एवढं पुरे.

हेळवाकनंतर पाऊस आला. कोयनानगरच्या बाजूला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो. तो पडतो असं म्हणणं चूकच, तो तिथं राहतो. ओझर्डे धबधब्याला निघालेल्या पोरांच्या टोळ्या रस्त्याकडेला थांबून रेनकोट चढवत होत्या. मी आधीच चढवला होता. पावसात गाडी चालवणाऱ्यांनाच माहीत असलेल्या काही गोष्टी: हातमोज्यांच्या आत किराणा दुकानाच्या पातळ पिशव्या घालाव्यात. रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यांवर ब्रेक लावू नये. काच आतून धुरकटली की ती बोटभर उघडावी आणि चार थेंब डोळ्यात जाऊ द्यावेत. घाट उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनलाच गाडी धरू द्यावी, आणि पुढचा ट्रक कितीही हळू चालला असला तरी त्याच्या लाल दिव्याच्या मागं गुपचूप राहावं, कारण धुक्यात त्याला रस्ता पाठ असतो, तुम्हाला नसतो.

कुंभार्लीत धुकं इतकं होतं की घाट दिसलाच नाही, नुसता जाणवला. कान दडपले. हवा हळूहळू जड, कोमट झाली. मग एका वळणानंतर पडदा ओढल्यासारखं धुकं वर राहिलं आणि खाली हिरवं, ओलं, मोठं खोरं उघडलं. पोफळी, शिरगाव, मग बहादूरशेख नाका. चिपळूणच्या बाजारपेठेत काही भिंतींवर 22 जुलै 2021च्या पुराची रेघ अजून आहे. त्या रात्री खाली चिपळूण बुडालं होतं आणि वर आमच्या तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळ्यात दरडी कोसळत होत्या. तीन दिवस फोन लागला नाही. आत्याची वाडी उंचावर, आमचं गाव दरडीच्या तोंडी नाही, हे दोघांनाही माहीत होतं. त्याचा काही उपयोग नव्हता. चौथ्या दिवशी लागला तेव्हा दोघंही एकमेकांवर ओरडले, फोन का उचलत नाहीस म्हणून.

तीन वाजता वाडीतल्या खळ्यात गाडी लावली. आत्या पडवीत अळूच्या देठी सोलत होती. तिनं मला ओळखायला वेळ घेतला. रेनकोट, हेल्मेट, गुडघ्यापर्यंत लाल चिखल. मी काच वर केली.

"अगं बया! येकलीच? मागं कोन न्हाई?"

"मी मुराळी आहे," मी म्हटलं.

ती दोन क्षण बघत राहिली. मग आत वळून ओरडली, "अवं ऐकलं का, मुराळी आली! टावेल आना आधी!"

बावन्न वर्षं कोकणात काढून आत्याची भाषा कुठलीच राहिलेली नाही. घरात ती मामांसारखी बोलते, आमच्यातलं कोणी आलं की तासाभरात पाटणची होते. वाडीत तिला अजून घाटावरची म्हणतात. सून, नातसून आली, तरी हीच घाटावरची. ती अजून स्वतःपुरती ज्वारीची भाकरी करते आणि मामा अजून ती बघून म्हणतात, "दगडाची चव असती काय गो त्याला?" हा विनोद ते 1973पासून करत असावेत. त्यापलीकडं ते फारसं बोलत नाहीत. मला एवढंच विचारलं, "आप्पा बरं हायेत मा?" आणि उत्तर ऐकून गाडीची चेन बघायला गेले. चेन ढिली होती. त्यांनी ती न सांगता ओढून दिली.

श्रावण असल्यानं मासळी नाही. त्याचं मला दुःख झालं नाही असं म्हटलं तर खोटं होईल. पण रात्री अळूचं फदफदं, तांदळाची भाकरी, आणि दुसऱ्या दिवशी हळदीच्या पानातले पातोळे. शनिवारी गोपाळकाला होता. सकाळी वाडीतल्या पोरांनी खळ्याखळ्यातून नाचत जाऊन अंगावर पाणी ओतून घेतलं. आत्याही हंडाभर ओतायला उभी होती.

आणि दुपारी तिनं हेल्मेट मागितलं.

घातलं. पट्टा हनुवटीखाली मी लावला. तिनं आरशात बघितलं, मग तशीच खळ्यात गेली, शेजारच्या दोन घरांना दाखवून आली. हसणाऱ्यांना म्हणाली, भावानं घेतलंय. मग मला म्हणाली, "नाक्यापतुर ने बरं." सहावारी पातळ, एका बाजूला बसलेली, एक हात माझ्या खांद्यावर, दुसऱ्यात छत्री. छत्री मी सोडायला लावली. डांबरी रस्त्यापर्यंत "हळू घे, हळू घे" चाललं होतं. डांबरीला लागल्यावर काही बोलली नाही. आणि पुलाच्या पुढं माझ्या कानाशी ओरडली, "आता जरा घे की!"

मी पन्नासवर नेली. मागून एक आवाज आला. मला आधी वाटलं घाबरली. ती हसत होती. तिचा हात माझ्या खांद्यावर होता, अंगठा मानेजवळ रुतलेला, आणि मला वाटलं की उद्या हिला घेऊन वर जाणं मुळीच अवघड नाही. पाऊस उघडेल, सकाळी लवकर निघू, दर दहा किलोमीटरला थांबू. आप्पा ओट्यावर बसलेले असतील. सगळा देखावा मनात तयार झाला होता.

रात्री भांडी आवरताना तिनं सांगितलं.

"मी न्हाई येत बाय."

"गाडीवर नको तर एसटीनं चल. अर्धं तिकीट आहे तुला."

"तसं न्हाई. अकरा दिसांवर गनपती आलाय."

मग ती हिशेब सांगत बसली. मुंबईहून येणारे तेवीस. दोन पोरांची कुटुंबं, तीन दिरांची. घर सारवायचं, माटवी बांधायची, सांदणाचे तांदूळ काढायचे, नव्या सुनेला गौरीचा ओवसा पहिलाच. तिच्या हाताखाली माणसं आहेत, पण कुठली परात कुठल्या फडताळात आहे ते तिलाच माहीत. मी सुचवलं, दोनच दिवस, मी परत आणून सोडते. तिनं माझ्याकडं असं पाहिलं की मला पुढं बोलवेना. मुराळ्याला नकार द्यायला पूर्वी सासू असायची. या घरातली सासू आता तीच होती.

खरं सांगायचं तर मला राग आला. रात्री पडवीत पडल्यापडल्या आला. तिकडं एक माणूस देव्हाऱ्यात राखी ठेवून बसलाय, आणि हिला पराती मोजायच्यात. मग वाटलं, इतकी वर्षं दर वेळी आप्पाच घाट उतरून आले. बहिणीनं चढून यावं ही त्यांची यंदाची पहिलीच मागणी. आणि तीही त्यांनी स्वतः केली नाही, हेल्मेट घेऊन केली. कौलांवर पाऊस पडत होता. आत कुठंतरी मामा घोरत होते. माझा राग फार वेळ टिकला नाही, पण गेला कसा ते मला कळलं नाही. झोप लागली असणार.

सकाळी पाच वाजता गाडीवर माल चढत होता. मामांनी जुन्या ट्यूबच्या पट्ट्या काढल्या होत्या. बंजीवर त्यांचा विश्वास नाही. आमसुलं, कुळथाचं पीठ, फणसाची साटं, मातीत पुरून ठेवलेल्या आठळ्या, सुकडी नारळ, हे सगळं एका पोत्यात. पोतं भिजू नये म्हणून त्यावर आत्याचा जुना रेनकोट, बाह्यांसकट गुंडाळलेला. त्याच्या बाजूला आडवं तवसं. ज्यांनी कोकणातलं तवसं पाहिलेलं नाही त्यांनी काकडी डोळ्यांपुढं आणू नये; हे सहा महिन्यांच्या पोराएवढं असतं. शेवटी आत्या चिबूड घेऊन आली. पिकायला आलेलं, वास सगळ्या खळ्यात. ते कुठं ठेवायचं यावर पाच मिनिटं चर्चा झाली, कारण चिबूड दबलं की संपलं. मामांनी काही न बोलता निळं हेल्मेट उचललं, चिबूड त्यात बसवलं, वर पंचा कोंबला, काच खाली केली आणि हेल्मेट पोत्याच्या डोक्यावर आवळून बांधलं. चिबूड असं बसलं जणू हेल्मेट त्याच्याच मापाचं होतं.

आत्यानं माझ्या हातात कागदाची पुडी दिली. "पोस्टातली भिजली आसंल. ही बांध त्याला."

"मी?"

"मग? मुराळी न्हवं का तू?"

घाट चढताना पाऊस नव्हता, धुकं होतं. अर्ध्यावर मागून एसटीनं हॉर्न दिला. मी बाजूला झाले. परत हॉर्न. मी आणखी बाजूला. गाडी पुढं गेली आणि मला वाटलं, काय घाई असते लोकांना. घाटमाथ्यावर चहाच्या टपरीपाशी तीच गाडी उभी, आणि दारात कंडक्टर, त्याच्या कडेवर माझं तवसं.

"ताई, तुमचं पॅसेंजर उतरलं होतं मधेच. गटारात जाऊन बसलं होतं."

चिपळूण-कराड गाडी. आत्या आली असती तर हिच्यातच आली असती. सगळी गाडी खिडक्यांतून बघत होती. मी तवसं घेतलं, एका बाजूला थोडं खरचटलं होतं, बाकी ठीक.

"तिकीट फाडू का?" कंडक्टर म्हणाला. "लेडीज असलं तर अर्धं."

मी त्याला चहा पाजला. ड्रायव्हरनं खाली उतरून मामांच्या ट्यूबची गाठ तपासली, नापसंतीनं मान हलवली आणि स्वतःकडची दोरी काढून तवसं पुन्हा बांधलं. ती गाठ घरी सुटेना, शेवटी कापावी लागली.

अकराच्या सुमारास गावात शिरले. पुढच्याच वाटेनं, मागली वाट मला आठवलीच नाही. लांबून आमच्या घराचा ओटा दिसतो, तसा ओट्यावरूनही रस्ता दिसतो. आप्पा उभे राहिले. मी हात केला. त्यांनी कपाळावर हात धरून पाहिलं आणि पायऱ्या उतरायला लागले, एकेक, कठड्याला धरून, मग अंगण, मग फाटक. काठी ओट्यावरच राहिली होती. त्यांचा चेहरा जवळ आल्यावर मला उमगलं ते काय बघत होते. माझ्या मागं, रेनकोट घातलेलं, निळं हेल्मेट चढवलेलं, थोडं पुढं झुकून बसलेलं एक माणूस.

मी इंजिन बंद केलं. काय बोलावं ते सुचेना.

आप्पांनी पोत्याभोवती एक फेरी मारली. हेल्मेटची काच वर केली. आत पंचा. पंचा काढला. चिबडाचा वास आला तसा त्यांनी वाकून आत नाक घातलं आणि बराच वेळ तसेच राहिले.

"गनपती जवळ आलेत म्हणाली," मी म्हटलं. "तेवीस माणसं यायचीत."

"व्हय, व्हय. येतीली." ते अजून हेल्मेटमध्येच बोलत होते. "आज न्हाई चिरायचं. उद्या पिकंल."

मी खिशातून पुडी काढली. त्यांनी ती पाहिली, मनगट पुढं केलं, मग मागं घेतलं. आधी हात धू, म्हणाले, घाटातली घाण. मग ट्यूबची गाठ सोडून त्यांनी हेल्मेट चिबडासकट छातीशी धरलं आणि घराकडं वळले.

"रिकामा मुराळी मागल्या वाटनं येतो," पाठमोरेच म्हणाले. "तुला कुनी सांगितलं न्हाई व्हय?"

आणि दोन्ही हात हेल्मेटला, त्यामुळं कठडा न धरता, ते पायऱ्या चढायला लागले. आई आतून ओरडत बाहेर आली, "अवं, काठी! काठी कुठाय?"